ग्रामीण आरोग्य व विकास प्रशिक्षण, जामखेड

जामखेड येथील ग्रामीण आरोग्य व विकास प्रशिक्षण हे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने इ.स. १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे शैक्षणिक अंग होय. जामखेड हे महाराष्ट्राच्या नाशिक महसूल विभागातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा प्रकल्प 'सीआरएचपी' म्हणूनही ओळखला जातो. प्रशिक्षणाच्या कामासाठी इ.स. १९९२ मध्ये येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य आणि आंतरराष्ट्रीय विकास या क्षेत्रांत काम करणारे वा करू इच्छिणारे देशविदेशांतील पदवीधर येथे अध्ययनासाठी येतात. त्यांना शिकविणाऱ्यांमध्ये डॉक्टर व तज्ज्ञ यांच्याबरोबर अल्पशिक्षित, काही वेळा निरक्षर अशा ग्राम आरोग्य सेविकाही असतात. हे या प्रशिक्षणाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य मानले जाते.

पार्श्वभूमी

दारिद्र्य, रोगराई, कुपोषण आणि निरक्षरता यांच्या निवारणाचे काम प्रारंभी मुख्यतः धर्मादाय संस्था, मिशन आणि शासकीय खाती यांच्याकडे होते. विसाव्या शतकात या कामाला हळूहळू व्यवसायाचे रूप आले आणि त्यासाठी खास पदव्युत्तर शिक्षणाची सोय होऊ लागली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय इ.स. १९१६ मध्ये स्थापन झाले. भारतात कोलकाता येथे अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था इ.स. १९३२ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिकेतील अनेक देश स्वतंत्र झाले आणि 'विकास' हा स्वतंत्र अभ्यासविषय बनला. नेदरलँड्समधील हेग येथील सामाजिक अध्ययन संस्था (इ.स. १९५२) आणि इंग्लंडमधील ससेक्स येथील विकास अध्ययन संस्था (इ.स. १९६६) या त्या काळातील प्रमुख संस्था होत.

या शिक्षणात आरंभापासून एक अंतर्विरोध राहिला आहे. ज्यांच्या प्रश्नांचा अभ्यास करावयाचा ते लोक खेड्यांत वा झोपडपट्ट्यांत राहतात, तर अभ्यास चालतो तो दूरच्या विद्यापीठांत. पदवी घेतलेला विद्यार्थी बहुधा राजधानीतील कार्यालयात वा परदेशी संस्थेत नोकरी पत्करतो. भारतात भोर समितीने इ.स. १९४६ च्या अहवालात समाजाभिमुख वैद्याची कल्पना मांडली होती. तरीही वैद्यकीय पदवीधरांचा ओढा शहरांकडेच राहिला. जामखेडचे प्रशिक्षण हा अंतर्विरोध कमी करण्याचा एक प्रयत्न म्हणून पाहिला जातो.

संस्थापकांचे शिक्षण

रजनीकांत आरोळे (इ.स. १९३४ – इ.स. २०११) हे मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील, तर मेबल (इ.स. १९३५ – इ.स. १९९९) या जबलपूरच्या. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले. विवाहानंतर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे सेवा केली. तेथील अनुभवाने त्यांच्या विचाराला दिशा मिळाली. रुग्णालयात येणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचे आजार टाळता येण्याजोगे होते. हगवण, धनुर्वात, कुपोषण, बाळंतपणातील गुंतागुंत अशा कारणांनी येणारा रुग्ण बरा होऊन घरी जाई आणि काही काळाने तो किंवा त्याच्या घरातील दुसरे कोणी त्याच आजाराने पुन्हा येई. रुग्णालयाच्या भिंतींच्या आत या दुष्टचक्रावर उपाय नाही, असे त्यांचे मत झाले.

पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर हे दांपत्य अमेरिकेस गेले. तेथे वैद्यक व शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेतल्यावर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. तेथील आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागाचे प्रवर्तक प्राध्यापक कार्ल टेलर यांचा जन्म भारतात मसुरीजवळील लंढोर येथे झाला होता. पंजाबातील नारंगवाल येथे त्यांनी ग्रामीण आरोग्याचे संशोधन उभे केले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आरोळे दांपत्याने विद्यार्थिदशेतच मायदेशातील दुष्काळी तालुक्यासाठी आरोग्ययोजनेचा आराखडा तयार केला. शिक्षण संपताच तो हाती घेऊन ते परतले. त्या काळी अशी पदवी मिळविलेल्या भारतीय डॉक्टरांना परदेशात वा जागतिक संघटनांत काम मिळणे कठीण नव्हते. तो मार्ग सोडून त्यांनी जामखेडची निवड केली, हे विकास-शिक्षणाच्या चर्चेत अनेकदा उदाहरण म्हणून सांगितले जाते.

प्रकल्पाची स्थापना

जामखेड तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. अपुरा पाऊस, कोरडवाहू शेती आणि ऊसतोडणीसारख्या कामांसाठी होणारे हंगामी स्थलांतर ही या भागाची जुनी लक्षणे. स्थानिक पुढाऱ्यांनी आमंत्रण दिल्यावर आणि लोकांचा सहभाग मिळेल अशी खात्री झाल्यावर इ.स. १९७० मध्ये काम सुरू झाले. त्यानंतर लगेच, इ.स. १९७२ च्या सुमारास, महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. औषधांपेक्षा अन्न आणि पाणी या लोकांच्या पहिल्या गरजा आहेत, हे त्या काळात स्पष्ट झाले. त्यामुळे प्रकल्पाने कूपनलिका, सामूहिक स्वयंपाकघरे, मृद्संधारण व वृक्षलागवड ही कामे आरोग्याचाच भाग मानून हाती घेतली. हातपंपांच्या जागा ठरविताना ते दलित वस्तीजवळ येतील याकडे लक्ष दिले गेले. पाण्यासाठी सर्व जातींच्या लोकांना एकत्र यावे लागल्याने अस्पृश्यतेच्या रूढीला धक्का बसला.

गावोगाव शेतकरी मंडळे आणि त्यापुढे महिला मंडळे स्थापन झाली. गावातील बालकांची वजने घेणे, कुटुंबांची पाहणी करणे, गटारे व शोषखड्डे यांची कामे करणे हे या मंडळांच्या मदतीने होऊ लागले. पुढे प्रकल्पाचे काम शेजारच्या तालुक्यांत आणि अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसरातील आदिवासी गावांतही पोहोचले.

ग्राम आरोग्य सेविका

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांना गावांत नेमण्याचा प्रयत्न झाला. शहरात शिकलेल्या या तरुणींना खेड्यात एकट्याने राहणे अवघड वाटे आणि गावकऱ्यांचा विश्वासही त्यांच्यावर चटकन बसत नसे. त्यामुळे गावाने आपल्यातीलच एका स्त्रीची निवड करावी आणि तिला प्रशिक्षण द्यावे, असा पर्याय पुढे आला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी दलित वा अन्य वंचित समाजातील होत्या. काही विधवा वा परित्यक्ता होत्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते.

या स्त्रिया आठवड्यातून एकदा जामखेडच्या केंद्रात जमत आणि तेथेच मुक्काम करीत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांचे एकत्र जेवण व एकत्र झोपणे हाही प्रशिक्षणाचाच भाग होता. एका आठवड्यात शिकलेला विषय गावात जाऊन वापरावयाचा आणि पुढच्या आठवड्यात आलेल्या अडचणी सर्वांसमोर मांडावयाच्या, असा क्रम असे. गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, हगवणीवर जलसंजीवनी, लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षयरोग व कुष्ठरोगाची प्राथमिक लक्षणे ओळखणे हे त्यांचे मुख्य विषय होते. वाचता न येणाऱ्या सेविकांसाठी चित्रे, गाणी, गोष्टी आणि नाट्यप्रवेश यांचा उपयोग केला जाई.

सेविकांना वेतन देण्याऐवजी छोट्या कर्जांच्या आधारे शेळीपालन, किरकोळ विक्री यांसारखे उद्योग सुरू करण्यास उत्तेजन दिले गेले. आरोग्यसेवा हा उपजीविकेचा व्यवसाय न होता गावाचे काम राहावे, अशी त्यामागची भूमिका होती. अनेक सेविकांनी तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे काम केले. नव्या सेविकांना शिकविण्याची जबाबदारी हळूहळू जुन्या सेविकांकडे आली. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रघात त्यातूनच पडला.

प्रशिक्षण संस्था

प्रकल्पाचे नाव सर्वदूर झाल्यावर शासकीय अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि विद्यार्थी यांची ये-जा वाढली. ही शिकवण सुसूत्र व्हावी यासाठी इ.स. १९९२ मध्ये 'जामखेड सामुदायिक आरोग्य व लोकसंख्या प्रशिक्षण व संशोधन संस्था' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने स्वतंत्र संस्था उभारण्यात आली. तेव्हापासून महाराष्ट्रासह भारताच्या विविध राज्यांतील आणि आशिया, आफ्रिका, युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या खंडांतील अनेक देशांचे प्रशिक्षणार्थी येथे येऊन गेले आहेत.

अभ्यासक्रम काही दिवसांच्या शिबिरापासून काही महिन्यांच्या निवासी प्रशिक्षणापर्यंतचे असतात. त्यांचे प्रमुख विषय असे:

- प्राथमिक आरोग्यसेवेची तत्त्वे व संघटन
- समता आणि लोकसहभाग
- जात, लिंगभेद व दारिद्र्य यांचा आरोग्याशी असलेला संबंध
- गावपातळीवरील माहितीचे संकलन व तिचा वापर
- शेती, पाणी आणि पर्यावरण
- स्वयंसेवी संस्थेचे व्यवस्थापन व जमाखर्च

शिक्षणपद्धतीत वर्गातील व्याख्यानांचे प्रमाण मर्यादित असते. प्रशिक्षणार्थी गावात जाऊन शेतकरी मंडळाच्या बैठकीला बसतात, सेविकेबरोबर घरोघरी फिरतात आणि गावाचा नकाशा गावकऱ्यांकडूनच जमिनीवर काढून घेतात. ही शेवटची पद्धत विकासक्षेत्रात 'पीआरए' या नावाने परिचित आहे. पाहणीत मिळालेली माहिती त्याच गावाच्या सभेत मांडणे अपेक्षित असते. माहितीवर पहिला हक्क ज्यांची ती आहे त्यांचा, हे तत्त्व त्यातून शिकविले जाते. अभ्यासक्रमाच्या अखेरीस प्रशिक्षणार्थ्याने आपल्या देशातील वा जिल्ह्यातील कामासाठी योजना तयार करावी असा प्रघात आहे. आरोळे दांपत्याने स्वतः विद्यार्थिदशेत केलेल्या आराखड्याचेच हे एक रूप म्हणता येईल.

सेविका आणि परदेशी पदवीधर यांच्यातील संवाद बहुधा दुभाष्याच्या मदतीने, मराठीतून होतो. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला आपला प्रश्न सोप्या भाषेत मांडावा लागतो. 'सक्षमीकरण', 'लाभार्थी', 'शाश्वतता' असे विकासक्षेत्रातील रूढ शब्द गावातल्या स्त्रीला समजतील अशा रीतीने सांगता येतात का, याची कसोटी तेथेच लागते.

विद्यापीठांशी संबंध

जामखेडची संस्था स्वतः विद्यापीठ नाही. पदवी अन्य विद्यापीठाची आणि क्षेत्रानुभव जामखेडचा, असा संबंध सामान्यतः असतो. वैद्यक, परिचर्या, सार्वजनिक आरोग्य व समाजकार्य या शाखांचे विद्यार्थी आपल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येथे राहतात. डॉ. मेबल आरोळे यांच्या नावाने अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी पाठ्यवृत्तीही ठेवण्यात आली. कार्ल टेलर यांचे पुत्र डॅनियल टेलर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'फ्युचर जनरेशन्स' या अमेरिकी संस्थेने आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या भारतातील निवासी सत्रासाठी जामखेडशी सहकार्य केले. गुरूच्या वर्गात तयार झालेली योजना पुढील पिढीत स्वतः वर्ग बनली, असा हा क्रम आहे.

आंतरराष्ट्रीय प्रभाव

जागतिक आरोग्य संघटनेने इ.स. १९७५ मध्ये केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली लोकांनी चालविलेल्या आरोग्यसेवेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चीन, क्युबा, टांझानिया, ग्वाटेमाला आदी देशांतील प्रयोगांबरोबर त्यात जामखेडवरील आरोळे दांपत्याचे प्रकरण होते. पुढे सप्टेंबर १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेवरील परिषद भरली आणि 'सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय जाहीर झाले. त्या विचारास बळ देणाऱ्या प्रयोगांमध्ये जामखेडचा उल्लेख होतो. इ.स. १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय आरोग्यावरील परिषदेत प्रकल्पातील एका ग्राम आरोग्य सेविकेने तज्ज्ञांपुढे भाषण केले.

डॉ. मेबल आरोळे यांनी पुढे युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागासाठी सल्लागार म्हणून काम केले. प्रकल्पाची हकिकत सांगणारे 'जामखेड' हे आरोळे दांपत्याचे इंग्रजी पुस्तक इ.स. १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांत ते वाचले जाते. इ.स. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' स्वयंसेविकांच्या कल्पनेमागे ज्या स्वयंसेवी प्रयोगांचा अनुभव होता, त्यांत जामखेडची गणना केली जाते.

परिणामांचे मूल्यमापन

प्रकल्पाच्या नोंदींनुसार इ.स. १९७१ मध्ये त्याच्या गावांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १७६ होते. इ.स. १९९० च्या दशकात ते ३० च्या खाली आले. ही घट मोठी असली तरी त्याच काळात साऱ्या महाराष्ट्रात मृत्यूचे प्रमाण कमी होत होते. त्यामुळे घटीतील किती वाटा प्रकल्पाचा, असा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला.

या प्रश्नाचा शोध घेणारा एक तुलनात्मक अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात इ.स. २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्पाची गावे आणि आसपासची इतर गावे यांतील पाच वर्षांखालील बालमृत्यूंची त्यात तुलना केली होती. जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या बालकांत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातील मृत्यूंबाबत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. नवजात अर्भकांचे मृत्यू टाळण्यासाठी गावपातळीवरील सेवेला आणखी कशाची जोड द्यावी लागेल, हा प्रश्न या निष्कर्षाने पुढे आणला. प्रशिक्षणार्थ्यांसाठी हा अभ्यास दुहेरी उपयोगाचा आहे. कामाचे यश मोजता येते हे त्यातून दिसते आणि यशस्वी कामाच्याही मर्यादा मोजाव्या लागतात हेही दिसते.

मर्यादा व टीका

जामखेडच्या प्रयोगाबाबत सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न त्याच्या अनुकरणाचा आहे. संस्थापकांची निष्ठा आणि दीर्घकाळचा सहवास यांवर उभे राहिलेले काम शासकीय यंत्रणेला मोठ्या प्रमाणावर करता येईल का, अशी शंका घेतली जाते. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. तीत निवडले गेलेले बहुसंख्य कार्यकर्ते पुरुष होते. निवडीत गावापेक्षा स्थानिक सत्ताधाऱ्यांचा प्रभाव राहिला आणि प्रशिक्षणानंतरचे सातत्य टिकले नाही. योजना पुढे निस्तेज झाली. प्रशिक्षणाचा मजकूर उचलता येतो, त्यामागील संबंध उचलता येत नाहीत, असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी अशा अनुभवांवरून काढला आहे.

दुसरा प्रश्न सेविकांच्या मोबदल्याचा आहे. विनावेतन सेवेचे तत्त्व गावाशी बांधिलकी जपते, परंतु गरीब स्त्रियांच्या श्रमावर आरोग्यव्यवस्था उभी राहते, असा आक्षेप स्त्री-अभ्यासकांनी सर्वच स्वयंसेवी आरोग्ययोजनांबाबत घेतला आहे. 'आशा' स्वयंसेविकांच्या मानधनासाठी महाराष्ट्रात वेळोवेळी झालेल्या आंदोलनांनी हा प्रश्न अधिक ठळक केला.

तिसरा प्रश्न विद्यार्थ्यांच्या अल्पकालीन वास्तव्याचा. काही आठवडे राहून जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला गावाकडून बरेच मिळते. गावाला त्याच्याकडून काय मिळते, अशी विचारणा जागतिक आरोग्यक्षेत्रात सर्वत्र होत आहे. जामखेडमध्ये विद्यार्थ्याची भूमिका सेवा देणाऱ्याची न ठेवता शिकणाऱ्याची ठेवलेली असते. त्यामुळे हा दोष काही अंशी टळतो, पूर्णपणे टळत नाही.

महाराष्ट्रातील तत्सम शिक्षण

विकासक्षेत्रातील व्यावसायिक शिक्षणाच्या अन्य संस्थाही महाराष्ट्रात आहेत. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था इ.स. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय म्हणून सुरू झाली. इ.स. १९४४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि इ.स. १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. मराठवाड्यातील तुळजापूर येथे तिचे ग्रामीण संकुल आहे. मुंबईतच देवनार येथे असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था इ.स. १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि टाटा विश्वस्तनिधी यांच्या सहकार्याने स्थापन झाली. आशिया व प्रशांत महासागरीय देशांतील अधिकाऱ्यांना लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण देणे हा तिचा मूळ हेतू होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे संयोजनही तीच करते. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था (इ.स. १९३०) विकासाच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (इ.स. १९९८) राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांना संलग्नता देते आणि सामुदायिक वैद्यकातील पदव्युत्तर शिक्षण त्याच्या कक्षेत येते.

या संस्था पदवी देतात, संशोधन करतात आणि त्यांचे विद्यार्थी शासन, स्वयंसेवी संस्था व संयुक्त राष्ट्रसंघाच्या शाखा यांत नोकरी करतात. जामखेडचे स्थान त्यांना पूरक आहे. पदवीने मिळालेले ज्ञान गावाच्या पारावर कितपत टिकते, हे पडताळण्याची सोय तेथे आहे.

सन्मान

- रेमन मॅगसेसे पुरस्कार, इ.स. १९७९ (डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांना संयुक्तपणे)
- पद्मभूषण, इ.स. १९९० (डॉ. रजनीकांत आरोळे)

संस्थापकांच्या पश्चात प्रकल्पाचे नेतृत्व त्यांची कन्या डॉ. शोभा आरोळे आणि पुत्र रवी आरोळे यांच्याकडे आले.

हेही पहा

- आल्मा-आटा जाहीरनामा
- आशा स्वयंसेविका
- टाटा सामाजिक विज्ञान संस्था
- आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था
- भोर समिती
- जामखेड तालुका